दोनदा म्हटलेली ऑर्डर

पहाटे चारला तनियप्पाचा दिवस सुरू व्हायचा. कर्नाटकातल्या भद्रावतीच्या दुर्गा भवन हॉटेलातले बाकीचे लोक अर्ध्या तासाने उठत. तो आधी उठायचा, कारण त्याला तोंड धुवायला वेळ लागायचा. माडीवरच्या खोलीतून खाली येऊन तो मागच्या हौदाशी उकिडवा बसे. आधी दाताला मीठ-कोळसा, मग माडाच्या हिराने जीभ खरडायची, मग बंबातल्या कोमट पाण्याच्या सावकाश चुळा. टेबलावर वाढणारे बाकीचे सप्लायर डोळे उघडताच पानाचा डबा उघडत. तनियप्पा दुपारचं काम आटपेपर्यंत पानाला हात लावत नसे.

"एवढं घासून कुणाला दाखवणार, अण्णा?" सदाशिव विचारायचा. तो दुसरा सप्लायर, कुंदापूरकडचा.

"हत्यार आहे. घासावं लागतं," तनियप्पा म्हणायचा.

सहाला लोखंडाच्या कारखान्याचा पहिला भोंगा होई, साडेसहाला दुसरा. पहिल्याला रात्रपाळी सुटे, दुसऱ्याला सकाळची पाळी आत जाई, आणि मधल्या वेळात या दोन्हींतली निम्मी माणसं दुर्गा भवनात शिरत. जाणाऱ्यांना घाई आणि येणाऱ्यांना भूक. बसायला जागा नसली की माणसं बसलेल्याच्या पाठीमागे उभी राहत आणि त्याच्या ताटात बघत.

तनियप्पा भिंतीकडच्या टेबलापासून सुरुवात करी. कागद नाही, पेन्सिल नाही. एका टेबलाचं ऐकायचं, मान हलवायची, पुढं जायचं. कुणाला खाली डोसा, म्हणजे आत भाजी नसलेला मऊ, कुणाला सेट, म्हणजे छोट्या जाडसर डोशांची जोडी, कुणाला मसाला पण कडक, कुणाला वडा सांबारात बुडवून, कुणाला बुडवल्याशिवाय. कॉफीतही प्रकार. बाय-टू म्हणजे एकीच्या दोन, आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात बाय-टू वाढत. अशी पाच-सहा टेबलं भरून घेतली की तो मागे वळे आणि हात धुवायच्या बेसिनवरून, लाकडी पडदीच्या आडोशाने, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे निघे. निघाला की त्याचे ओठ हलायला लागत. आवाज असा नव्हताच. भुंगा खांबात शिरल्यावर येतो तेवढाच. दोन सेट, एक खाली, मसाला कडक एक, वडा बुडवून, दोन सेट, एक खाली... खिडकीपर्यंत हे फिरत राही.

त्या वाटेवर त्याच्याशी कुणी बोलत नसे. नवीन गिऱ्हाइकाने हाक मारलीच, तर जुना त्याचा हात धरायचा. "थांब रे. त्याच्या डोक्यावर भरलेली घागर आहे."

खिडकीशी पोचला की तनियप्पा सगळं एका दमात म्हणे. मोठ्याने, सुटं सुटं, एकदाच.

आत तव्यापाशी सुब्राय भट्ट. त्यांचा नियम हॉटेलाइतकाच जुना होता. आचारी उलट विचारणार नाही, सप्लायर दुसऱ्यांदा सांगणार नाही. एकदा म्हटलं की एकदा होणार, दोनदा म्हटलं की दोनदा होणार. चुकून दोनदा म्हटलं असं म्हणायची सोय नव्हती. आणि जास्तीची बशी निघाली तर ती गिऱ्हाइकाला जात नसे, टाकलीही जात नसे, पगारातूनही कापली जात नसे. ती खिडकीच्या फळीवर राही, आणि गर्दी ओसरल्यावर ज्याने म्हटली त्याने ती तिथंच उभं राहून सगळ्यांसमोर संपवायची. थंड झालेली, चटणीशिवाय. सदाशिवने सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच खाल्ल्या होत्या. तनियप्पाला शेवटची कधी खाल्ली ते आठवत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याची वरची डावी दाढ दुखायला लागली. त्याने ती कुणाला सांगितली नाही. दाढ दुखते म्हणून काम सोडून बसणारा माणूस त्याला पटत नसे. तो तळघरातल्या डब्यातून लवंग घ्यायचा, दाढेत दाबायचा आणि जिभेने धरून ठेवायचा. लवंग हलली की कळ थेट डोळ्यात जाई, म्हणून तो जबडा आवळून चालू लागला. बोलताना तेवढं तोंड उघडायचं, पुन्हा मिटायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत फळीवर पहिली बशी राहिली. सेट डोसा.

"ही कुणाची?" सदाशिवने विचारलं.

"तुझी असेल," तनियप्पा म्हणाला.

आतून सुब्राय भट्ट म्हणाले, "त्याची नाही. तुझी. भिंतीकडचं टेबल तू दोनदा सांगितलंस."

तनियप्पाने बशी उचलली. रात्रपाळीचा रुद्रेश तेव्हा हात धूत होता. कारखान्यात ओतकाम करणारा, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "अण्णा, घरचं जेवण परवडत नाही का हल्ली?"

"परवडतं. चव बघतोय," तनियप्पा म्हणाला आणि उजव्या बाजूने चावत राहिला.

चव बघणं वाढत गेलं. कधी सेट, कधी उप्पीट, एकदा तर तीन वडे. एखादं टेबल सांगायचंच राहून जाई आणि तिथली माणसं दुसरा भोंगा होईपर्यंत रिकाम्या टेबलावर बोटं वाजवत बसत. तो खिडकीशी उभा राही आणि त्याला कळत नसे, आपण हे म्हटलं की म्हणायचंय. पूर्वी हा प्रश्न पडत नसे. ओठ हलत होते तोवर ऑर्डर त्याच्याकडे होती, ओठ थांबले म्हणजे ती भट्टांकडे गेली. आता ओठ आधीपासूनच थांबलेले असत.

पण हे त्याला तेव्हा दिसलं नाही. त्याला दिसला तो बाप. मूडबिद्रीजवळच्या गावात माडावर चढून माडी काढणारा बाप शेवटी शेवटी एकच गोष्ट दहादा विचारायचा. "गाय बांधली का?" गाय विकून वर्षं झाली होती. तनियप्पाने ठरवलं की आपलंही तेच सुरू झालंय, फक्त लवकर.

त्याने उपाय केले. बोटांची पेरं मोजून पाहिली, पण वड्याचं पेर कोणतं आणि कॉफीचं कोणतं ते खिडकीशी पोचेपर्यंत पुसून जाई. टेबलं कमी घेऊन पाहिली, तर फेऱ्या वाढल्या आणि गर्दी तुंबली. दुपारी खोलीत आडवा झाला की तो सकाळच्या सगळ्या ऑर्डरी मनात म्हणून बघायचा, आणि त्या बिनचूक यायच्या. झोपताना लवंग काढून उशाशी ठेवलेली असे. खोलीत येतं आणि हॉटेलात जातं, हे त्याला जास्तच भीतीचं वाटलं.

एका दुपारी मालक मंजय्या शेट्टींनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं. त्यांना सगळे धनी म्हणत. तेही कधीकाळी मंगळूरला टेबलं पुसत मोठे झाले होते, त्यामुळे ओरडत नसत.

"तनिया, बस."

"उभाच बरा आहे, धनी."

"तुझं वय झालं असं मी म्हणत नाही."

"मग कोण म्हणतंय?"

धनी हसले. "संक्रांतीपासून चिठ्ठ्या करू. सगळीकडे तेच चाललंय. सदाशिव लिहील, खिडकीला खिळा ठोकू, त्याला अडकवेल. तू कॉफीच्या काउंटरवर बस. पंखा आहे तिथं. पगार तोच."

"काम कमी आणि पगार तोच?"

"वीस-पंचवीस वर्षं केलंस की काम."

"त्याचे पैसे त्या त्या महिन्याला घेतलेत मी," तनियप्पा म्हणाला. "न केलेल्या कामाचे घेऊन काय करू?"

"मग काय करू म्हणतोस? माणसं उपाशी आत जातात. भट्टी समोर असते त्यांच्या."

भट्टीसमोर उपाशी उभं राहणं काय असतं ते त्याने रुद्रेशच्या तोंडून ऐकलं होतं. "संक्रांतीपर्यंत वेळ द्या," एवढंच तो म्हणाला. धनींनी दिला. पण खिळा त्याच संध्याकाळी ठोकला गेला.

पुढचे दिवस तो त्या खिळ्याकडे न बघता खिडकीशी उभा राहायला शिकला. बशा मात्र राहतच होत्या. दुखऱ्या दाढेने थंड डोसा चावणं म्हणजे चिकट चामडं चावण्यासारखं होतं. तो पाण्याबरोबर गिळायचा. रुद्रेशनेही टोमणे बंद केले, आणि ते तनियप्पाला टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

एका दुपारी सुब्राय भट्ट रुब्ब्यावर, म्हणजे दगडी रगड्यावर, उडीद वाटत बसले होते. वाटायचं यंत्र बिघडलं होतं. तनियप्पा समोर बसून पीठ आत सारत होता. दगडाची घरघर चालू होती.

"तुझा आवाज येत नाही हल्ली," भट्ट म्हणाले.

"ओरडतोय की, भट्रे. आणखी किती ओरडू?"

"तो नव्हे. त्याच्या आधीचा."

"आधीचा कुठला?"

"पडदीच्या मागून यायचास ना, भुणभुण करत. ती ऐकूनच मी पीठ घालायचो तव्यावर. तू खिडकीत तोंड उघडेपर्यंत माझे दोन डोसे पसरून झालेले असायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं सुब्राय भट्टाचा हात फार जलद आहे." त्यांनी वरवंटा थांबवला. "दिवाळीपासून तू येतोस तो मुक्याने. एकदम खिडकीत उगवतोस. मला आधी वाटलं, रागावलास माझ्यावर."

"तुमच्यावर कशाला रागावू?"

"तोंडात काय असतं तुझ्या?"

तनियप्पाने लवंग जिभेने पुढे आणून दाखवली.

"दाढ?"

"हं."

"कधीपासून?"

"दिवाळी."

भट्ट हळूच म्हणाले, "अरे, मग त्या जिभेने लवंग राखायची की ऑर्डर? एक जीभ आहे तुला. आम्हाला लहानपणी मठात पाठ म्हणायला बसवायचे. एकदा मी गालात गूळ धरून बसलो. तोंड हलू द्यायचं नाही म्हणून मनातल्या मनात म्हणत गेलो. चौथ्या ओळीला सगळं गेलं. गुरुजींनी गूळ काढायला लावला आणि मग मारलं."

"आधी गूळ का काढला?"

"घशात अडकेल म्हणून. चांगला माणूस होता."

तनियप्पा हसला नाही. तो उठला, हौदाशी गेला, लवंग थुंकली आणि बेसिनच्या बाजूने रिकामाच चालत आला. ओठ हलवत. दोन सेट, एक खाली, बोंडा सूप, बाय-टू. भट्टांनी न बघता वरवंटा फिरवत म्हटलं, "आता येतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने लवंग घेतली नाही. सहाचा भोंगा झाला. थंडी होती. वारा दातातून आत शिरे तेव्हा टेबलाची कड धरावी लागे. पण तो पहिल्या टेबलापासून शेवटच्यापर्यंत गेला, मागे वळला आणि म्हणत म्हणत खिडकीपर्यंत आला. प्रत्येक शब्दाला कळ येत होती. त्याने शब्द गाळला नाही. खिडकीत तोंड उघडलं तेव्हा आत तव्यावर पीठ पसरत असल्याचा चर्र आवाज आधीच सुरू झाला होता. डोळ्यातून पाणी येत होतं ते त्याने खांद्याला पुसलं. गर्दी ओसरली तेव्हा फळी रिकामी होती.

"रडतोयस?" सदाशिवने विचारलं.

"कांदा," तनियप्पा म्हणाला. जवळपास कुठं कांदा नव्हता.

हे रोज जमणारं नव्हतं, ते त्यालाही कळत होतं. चौथ्या दिवशी गाल सुजला, आणि धनींनीच त्याला पुलापलीकडच्या दातांच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंचं नाव नसीमा. त्यांनी त्याच्या तोंडावर दिवा धरला आणि एकेक दात हलवून बघितला.

"काका, एक नाही, तीन काढावे लागतील. पुढचाही हलतोय. जागा भरली नाही तर बोलताना हवा निघून जाईल. कवळी बसवावी लागेल."

"कवळीने बोलता येतं?"

"लोक भाषणं करतात."

"भाषणाचं सोडा," तनियप्पा म्हणाला. "हळू बोलता येतं का? ओठातल्या ओठात?"

असा प्रश्न बाईंना पूर्वी कुणी विचारला नसावा. "येईल. पण शिकावं लागेल. पहिले काही आठवडे जिभेला घर परकं वाटतं."

खर्च त्यांनी सांगितला. तनियप्पाच्या पेटीत तेवढी रक्कम होती, आणि ती ठेवलेली होती घराच्या जमिनीसाठी. गावाकडच्या घराला अजून मातीचीच जमीन होती. वारिजा, त्याची बायको, लग्न होऊन आली तेव्हापासून ती सारवत आली होती. या उन्हाळ्यात लाल कोबा करायचं ठरलं होतं. गवंड्याशी बोलणंही झालं होतं.

त्याने बूथवरून गावच्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. वारिजाला बोलावून आणेपर्यंत पुन्हा एकदा लावावा लागला. ती धापा टाकत आली.

"काय झालं? बरे आहात ना?"

"दात."

"दातासाठी फोन?"

त्याने सगळं सांगितलं. सुजलेल्या गालाने शब्द जाड येत होते.

"म्हणजे कोबा पुढच्या साली," तो म्हणाला.

"आत्ताच शेण कालवून ठेवून आलेय मी. वाळेल ते."

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. जमीन सारवता येते. आज सारवीन, पुढच्या शुक्रवारी पुन्हा सारवीन. तुमच्या तोंडाला शेण चालणार आहे का?" मागे दुकानातलं कुणीतरी हसलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, "आणि दिवाळीपासून दुखतंय ते आज सांगताय. एरवी पत्रात पावसापासून कोंबडीपर्यंत सगळं विचारता."

"विसरलो."

"तुम्ही? तुम्ही कधी विसरलात?"

बूथवाल्याने घड्याळाकडे बोट दाखवलं, आणि तनियप्पाने फोन ठेवून दिला.

दात निघाले. जखम भरेपर्यंत तो कॉफीच्या काउंटरवर बसला, पंख्याखाली, आणि पेले विसळत राहिला. संक्रांत आली. सदाशिव चिठ्ठ्या लिहू लागला. भट्ट त्या चिठ्ठ्या हातभर लांब धरून वाचत, आणि पिठाचा हात लागला की अक्षर जाई. तरी काम चालत होतं. हॉटेल बंद पडलं नव्हतं. तनियप्पाने हे नीट बघून घेतलं. आपल्यावाचून अडत नाही हे खरं होतं, आणि ते त्याने स्वतःला खोटं सांगितलं नाही. पण भोंग्यानंतरच्या त्या अर्ध्या तासात माणसं अर्धी बशी टाकून फाटकाकडे पळत होती, हेही खरं होतं.

कवळी बसली. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, तोंडात कुणीतरी बशी विसरलंय. मोठ्याने बोलणं लवकर जमलं. ओठातल्या ओठात म्हणणं जमेना. जीभ कवळीवर घसरे, शब्द एकमेकांवर चढत, आणि शब्द अडखळला की मागचे दोन गळून पडत. म्हणून तो दुपारी नदीवर जाऊ लागला. भद्रेच्या काठावर धुण्याच्या दगडांपलीकडे येरझाऱ्या घालायच्या आणि म्हणत राहायचं. आधी दोन टेबलांची ऑर्डर. ती न घसरता आली की तीन. घसरली की पुन्हा पहिल्यापासून. तो स्वतःला सूट देत नसे.

कपडे आपटणारा धोबी मुनियप्पा पहिले काही दिवस नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, हा कुठला जप?"

"दोन सेट, एक खाली, मसाला कडक."

"नदीला सांबार जास्त घाला. कालचं पातळ होतं."

पुढे मुनियप्पाच त्याला ऑर्डर द्यायला लागला. हातातलं आपटणं न थांबवता, मुद्दाम गुंतागुंतीची. तनियप्पा ती उचलायचा, पिंपळापर्यंत जायचा, परत यायचा आणि ओतायचा. शिवरात्रीच्या सुमारास पिंपळापर्यंतची वाट छोटी पडायला लागली.

तो धनींकडे गेला. "सकाळची पाळी द्या. फक्त भोंग्यानंतरची. बाकीचा दिवस चिठ्ठ्या."

"आणि बशा राहिल्या तर?"

"मी खाईन आणि तुम्ही काउंटर दाखवा. मी जाईन."

पहिल्या सकाळी हॉटेल नेहमीसारखं भरलं. तनियप्पा भिंतीकडून निघाला. त्याची रीत माहीत नसलेला एक पोरगेला कामगार त्याला हाक मारणार होता, पण रुद्रेशने त्याचा हात धरला. तनियप्पा बेसिनवरून वळला. पडदीच्या मागून भुणभुण आली. थोडी जाड होती, कवळीची. आत सुब्राय भट्टांनी मान वर केली, ऐकलं, आणि पळी पिठात घातली.

त्या आठवड्यात फळीवर काही राहिलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. सकाळच्या वेळी खिळा रिकामा असायचा. धनींनी त्यावर गल्ल्याची किल्ली अडकवायला सुरुवात केली.

मग होळीनंतरच्या एका सकाळी, गर्दी संपत आली असताना, तनियप्पा खिडकीशी आला आणि म्हणाला, "मसाला कडक एक." थोडं थांबला. भट्टांच्या डोळ्यांत बघून पुन्हा म्हणाला, "मसाला कडक एक."

भट्टांनी काही विचारलं नाही. दोन डोसे घातले. एक गिऱ्हाइकाला गेला. दुसरा फळीवर राहिला. तनियप्पाने तो थंड होऊ दिला नाही. तिथंच उभं राहून, सगळ्यांसमोर, त्याने तो डाव्या बाजूने चावला. कुरकुर आवाज आत तव्यापर्यंत गेला.

"विसरलास?" भट्टांनी आतून विचारलं.

"नाही," तनियप्पा म्हणाला. "चटणी द्या थोडी."

"नियमात चटणी नाही," भट्ट म्हणाले, आणि वाटी पुढे सरकवली.

त्या साली कोब्याच्या पैशांतून कवळी झाली. पगारातून उरलं त्यात पावसाआधी गवंड्याने चुलीपुढचा तेवढा भाग लाल कोब्याचा केला. वारिजा आता नारळ खवायला तिथंच बसते, आणि बाकीची जमीन अजून शुक्रवारी सारवते.